थेंब टाकणारी गाडी आणि कानबाईचा रोट

माझ्या हाताला ऑइलचा वास येतो. गॅरेज पोराच्या ताब्यात दिलं, घरी बसले, तरी येतो. राखेनं घासून झालं, लिंबानं झालं, चिंचेनं झालं. नखांच्या कडेला काळी रेघ आहे ती आहेच. वरती गेल्यावर देवानं विचारलं, काय करत होतीस बाई, तर हात पुढे करीन. बोलायचं कामच पडणार नाही.

दिवाळीच्या पुस्तकवाल्यांनी निरोप धाडला, आक्का, तुमच्या कामाचं लिहून द्या. आता मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. तीही गुरं सांभाळून. म्हणून मी बोलते आणि सून लिहिते. घरात आम्ही अहिराणी बोलतो. सून म्हणाली, "आई, बाहेरगावचे लोकही वाचतील, जरा सरळ बोला." तर सरळ बोलते. मधेच घसरले तर सांभाळून घ्या.

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला आमचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर, पुढे एक निंब. ते गॅरेज यांचं, म्हणजे माझ्या मालकांचं. मी भाकरी घेऊन जायची आणि परत यायची, एवढाच माझा संबंध. मग एक दिवस गिअरबॉक्स उतरवताना साखळी सुटली आणि यांचा उजवा हात खाली सापडला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. पाना धरता येईना. पोरगं अंगावरचं. शेती म्हणाल तर बांधावर उभं राहिलं की दुसरा बांध हाताला लागेल एवढी.

हे महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजले. मी म्हटलं, "तुमचं तोंड चालतं ना?"

"चालस," हे म्हणाले.

"मग तुम्ही सांगा, मी करते."

असं सुरू झालं. हे खाटेवर बसून सांगायचे, मी गाडीखाली. सांगायचे म्हणजे ओरडायचे. "ती नाही! तिच्या शेजारची! डावी! तुझी डावी नाही, गाडीची डावी!" आजूबाजूच्यांना वाटायचं नवरा-बायकोचं भांडण चाललंय. कधी कधी ते खरंही असायचं.

ड्रायव्हर लोक यायचे, गाडीखालून लुगडं दिसलं की चमकायचे. एकानं विचारलं, "मावशी, मिस्तरी कुठाय?"

मी आतूनच म्हटलं, "मिस्तरी वर खाटेवर आहे. हात खाली आहेत."

तो हसला आणि थांबला. हसणारा माणूस थांबतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी प्रत्येकाला काही ना काही बोलायचीच.

आता काम काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

तुम्ही वरण उकळायला ठेवता तेव्हा झाकण पुरतं लावता का? नाही. जरा कलतं ठेवता, वाफ जायला. पुरतं लावलं तर वरण कडेनं उतू जातं आणि चूल विझते. ट्रकच्या इंजिनाचं तसंच. आत डिझेल पेटतं, त्यातला थोडा धूर पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. नव्या गाडीचा कमी, जुनीचा जास्त. त्याला बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते. तिला म्हणतात ब्रीदर. आमचे हे म्हणायचे गाडीचं नाक. त्या नाकातून धूर येतो आणि धुराबरोबर ऑइलचे बारीक तुषार येतात, नळीच्या तोंडाशी गार होतात आणि थेंब बनून खाली पडतात. टप, टप. जिथं गाडी उभी तिथं काळा डाग.

यांनी मला पहिलं हेच शिकवलं. "नाकासमोर तळवा धर. काय लागतं?"

"फुंकर लागते."

"लेकरू झोपल्यावर लागते तशी?"

"तशीच."

"मग इंजिन निरोगी. थाप लागायला लागली की समज, पिस्टनच्या रिंगा गेल्या."

दुसरी परीक्षा अशी, की गाडी चालू ठेवायची आणि ऑइल भरायच्या तोंडावर त्याचं झाकण उलटं ठेवायचं. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं तर इंजिन खोलायची वेळ आली. मला हे फार आवडायचं. ड्रायव्हरलाच म्हणायची, "ठेव तू तुझ्या हातानं." झाकण नाचलं की त्याचं तोंड उतरायचं. मग मी चहा पाजायची.

पण लोकांना थेंब पडलेला आवडत नाही. थेंब म्हणजे आजार, असं वाटतं. थेंब दिसला की बंद करायला बघतात. आणि आमच्या खान्देशात बंद करायला हाताशी काय असतं? कापूस.

जिनिंगमध्ये कापसाचे पांढरे डोंगर लावलेले असतात. तिथं ऑइल टाकणारी गाडी फाटकातून आत घेत नाहीत, डाग पडला तर माल बाद. एक ड्रायव्हर होता, बोलायला फार गोड, त्याची गाडी अशीच फाटकावर अडवली. त्यानं काय केलं, गाडीतलाच कापूस घेतला, चांगला ठासून नळीत कोंबला. थेंब बंद. फाटकावर सलाम ठोकून आत गेला, गाठी भरल्या आणि निघाला. आमच्या निंबाजवळ आला आणि ऑइलची पट्टी, ती मोजायची लांब पट्टी असते ना, ती बंदुकीतून सुटल्यासारखी वर उडाली. पुढच्या सीलमधून ऑइल भळाभळा. गाडी उभी.

मी खाली शिरले. नळीच्या तोंडात बोट घातलं आणि ओढायला लागले. येतंय, येतंय, येतंच राहिलंय. एवढी लांब काळी वात! समईला लावली असती तर दसऱ्यापर्यंत पुरली असती.

"बाबा रे," मी म्हटलं, "तुझ्या नाकात एवढा कापूस घातला तर तू कुठून श्वास घेशील?"

तो म्हणाला, "तोंडातून, मावशी."

"तिनं पण तेच केलं."

खाटेवरून हे असे हसले, की दुखरा हात मांडीवर आपटून घेतला. अपघातानंतर पहिल्यांदा हसले होते. म्हणून तो ड्रायव्हर माझ्या ध्यानात आहे.

चोपड्याकडून केळी घेऊन येणारा एक होता. त्याची तक्रार उलटी. त्याची नळी वर तुटलेली, सगळा धूर केबिनमध्ये. डोळे लाल, आवाज बसलेला. मी म्हटलं, नवी नळी टाकते. तो म्हणाला, "राहू द्या आक्का, धुरानं मच्छर येत नाहीत." मी म्हटलं, "मच्छर शहाणे आहेत." त्याला तसाच जाऊ दिला नाही, नळी टाकूनच पाठवला. त्याला बोलले ते ठीक, पण मी स्वतः तोच धूर आयुष्यभर तोंडाला फडकं न बांधता घेतला. आता जिना चढताना छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर विचारतो, चुलीवर स्वयंपाक करायच्या का? मी म्हणते, चूलच होती, पण चाकांवरची.

बरं. हाताच्या वासाचं राहिलं.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला डोळे, नथ, कुंकू करून देवी मांडतात, चौरंग सजवतात, आणि रोट करतात. रोट म्हणजे घरातल्या माणसांच्या नावानं गहू मापून घेतात, त्याचं पीठ वेगळं ठेवतात. त्याच्या पोळ्या फक्त भाऊबंदांनी खायच्या, बाहेर कोणाला द्यायच्या नाहीत, आणि पुनवेच्या आत पीठ संपवायचं. त्या पिठाला हात लावायचा तो भाऊबंदातल्या बायकांनी. लग्न होऊन आले तेव्हा मीही परातीला बसायची. माझी पोळी मऊ व्हायची, सासरा नावाजायचा.

गॅरेजचं काम धरल्यावर पहिल्याच श्रावणात मी हात घासूनपुसून परातीजवळ गेले. माझी थोरली जाऊ, गोदाजिजी, घरातलं सगळं तिच्या शब्दावर. तिनं माझा हात धरला आणि नाकाशी नेला.

"द्वारके, तुना हातले वास येस वं. रोटना पिठले हात नको लावू."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं सांगितलं. तिचंही खरंच होतं, वास येतच होता. मी उठले आणि भांडी घासायला बसले. पुढच्या वर्षी तिनं काही म्हणायच्या आधीच भांड्यांकडे गेले. मग दरवर्षीच. बाकीच्या जावा परातीभोवती बसून हसायच्या, गाणी म्हणायच्या, मी मोरीवर. त्या पिठात माझ्याही घराच्या नावाचा गहू होता. हे गेले त्या वर्षी यांच्या नावाचं माप कमी झालं. तेव्हा मात्र वाटलं, एकदा तरी पिठात हात घालावा. पण बोलले नाही. न बोलायची मला सवय आहे. कामावर बोलते तेवढं पुरतं.

आता सुकदेवभाऊ. यांचा चुलतभाऊ. त्याची एक जुनी ट्रक, तिला तो गाडी म्हणायचाच नाही, "मनी लक्ष्मी" म्हणायचा. आमच्या गावची नदी आता नावाची. श्रावणात गुडघाभर पाणी नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कानबाईला विसर्जनाला तापीवर नेतात. ती सुकदेवभाऊच्या ट्रकमधून. त्याच्या बायकोचा, सरूचा, नवस होता. सुनेचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा सरू बोलली होती, दोघं सुखरूप सुटू दे, चाकं फिरतायत तोवर आमच्याच गाडीतून तुला नेऊ. दोघं सुखरूप सुटले. तेव्हापासून ट्रक धुवायची, केळीचे खांब बांधायचे, वाजंत्रीवाले वर बसवायचे. ट्रक पुढे हळूहळू, मागे बाया अनवाणी, डोक्यावर कानबाई. वेशीपर्यंत चालायचं, मग सगळ्यांनी ट्रकमध्ये बसून तापी.

ट्रक म्हातारी झाली तशी थेंब टाकायला लागली. आणि हळू चालणारी गाडी फार थेंब टाकते. एका वर्षी असं झालं, की गाडीखालून निळा धूर मागे, बाया खोकतायत, पायाखाली तेल. सरूचाच पाय घसरला, फुगडी खेळता खेळता बसली ती रस्त्यावर. नव्या लुगड्यांना खालून काळे ठिपके. गोदाजिजीच्या डोक्यावर कानबाई होती, ती कशीबशी सावरली.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर भिकनआबांनी सगळ्यांना बोलावलं. आबा गावातले वडीलधारे. युवराज म्हणून एकानं नवी कोरी गाडी आणली होती, त्याला मान हवा होता.

आबा म्हणाले, "सुकदेव, तुनी गाडी थेंब टाकस. देवीना रस्तामा तेल पडाले नको. औंदा युवराजनी गाडी."

सुकदेवभाऊ मान खाली घालून उभा. सरू पदराआड रडायला लागली. नवस मोडतोय म्हणून. मला काय झालं माहीत नाही, मी मागून बोलले, "आबा, थेंब पडणार नाही. मी बघते."

सगळे वळले. गोदाजिजी म्हणाली, "तू देखस? आणि पडना ते?"

"पडला तर पुढं कधी सुकदेवभाऊची गाडी न्यायची नाही."

सरूनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, द्वारके, तोंडाला झाकण असतं तर बरं झालं असतं. आता नुसती गाडी नव्हती, तिचा नवस मी पणाला लावून बसले होते. एक थेंब, आणि कायमचा गेला.

घरी आल्यावर सुकदेवभाऊ म्हणाला, "वहिनी, इंजिन खोलनं पडी."

खोलायला दिवस नव्हते आणि रिंगा पुरत्या गेल्याही नव्हत्या. मी तळवा धरून पाहिला होता. फुंकर आणि थाप यांच्या मधलं काहीतरी. म्हातारा माणूस झोपेत घोरतो तसं. म्हणजे श्वास बंद करायचा नाही, त्यातलं तेल तेवढं गाळून घ्यायचं.

मी मोरीवर बसले होते, हातात तारेची घासणी. तव्याला तेलाचा चिकट थर धरला होता तो घासत होते. घासणी तेल कशी धरते, बघा तुम्ही. पाण्यानं सुटत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं भांड्यांवर बसवलं होतं मला, त्याचा हा एवढा उपयोग झाला.

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घेतला. आत तारेच्या घासण्या भरल्या, घट्ट नाही, सैल. खालच्या बाजूनं धूर आत येणार, घासण्यांमधून वर चढताना तेल तारांना धरून राहणार, तळाशी साचणार. वरून नुसती हवा जाणार. डबा केबिनच्या मागे बांधला आणि वरची नळी केबिनच्या टपापर्यंत उंच नेली, म्हणजे उरलासुरला धूर बायांच्या डोक्यावरून जाईल.

पहिल्यांदा फसलं. नळी म्हणून मी ठिबकची काळी नळी लावली. आमच्याकडे प्रत्येकाच्या शेतात पडलेली असते, फुकटची. इंजिन तापलं तशी ती नळी मेणासारखी नरम झाली, वाकली, आणि नाक बंद. झाकण लागलं नाचायला. सुकदेवभाऊ डोक्याला हात लावून खाली बसला.

"वहिनी, युवराजले सांगी देऊ का?"

"त्याला काय सांगतो? उठ, ती फवारणीच्या पंपाची जाड नळी आण."

ती टिकली. मग परीक्षा. यांचं एक पांढरं धोतर होतं, लग्नाकार्याला नेसायचे ते, पेटीत ठेवलेलं. ते काढलं आणि गाडीखाली अंथरलं. सुकदेवभाऊ म्हणाला, "वहिनी, नानांचं धोतर?" मी म्हटलं, "ते असते तर स्वतःच अंथरलं असतं. वर खाटेवर बसून ओरडले असते फक्त." गाडी चालू करून ठेवली. माझा सगळा स्वयंपाक झाला, जेवण झालं. धोतर काढलं. पांढरं. एक डाग होता, पण तो जुना, हळदीचा.

मी त्या दिवशी सुखानं झोपले. पण सुकदेवभाऊ झोपला नाही, हे मला मागून कळलं.

सोमवारी कानबाई निघाली. मीही नवं लुगडं नेसले होते, हिरवं, काठाचं. ट्रक नवरीसारखी सजवलेली. पुढे ट्रक, वर वाजंत्री, मागे बाया. गोदाजिजीच्या डोक्यावर कानबाई. आमच्यात एकदा उचलली की नदीशिवाय टेकवत नाहीत. मध्ये नारळापुरतं थांबायचं, पण खाली ठेवायचं नाही. भिकनआबा काठी टेकत ट्रकच्या मागोमाग, डोळे रस्त्यावर. थेंब शोधतायत. युवराजही शोधतोय. मी दोघांकडे बघतेय. रस्ता कोरडा. धूर नाही. बाया फुगड्या खेळतायत. सरू माझ्याकडे बघून हसली.

मारुतीच्या पाराजवळ नारळ फोडायला वाजंत्री थांबली. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. बारीक शिट्टी. इंजिनातून.

बाकीच्यांना ती कळायची नाही. पण मी ओळखते. आतली हवा कोंडली की सीलच्या फटीतून अशी शिट्टी निघते. त्याच्यानंतर सील जातं आणि मग थेंब नाही, घागर पडते. देवीच्या पुढ्यात, अनवाणी बायांच्या पायाखाली.

मी खिडकीशी धावले. "सुकदेवभाऊ! नाकात काय घातलं?"

तो पांढरा पडला. "वहिनी, वरना तोंडले जराशी वल दिसनी. म्हणून मी कापूस कोंबा. एकबी थेंब पडाले नको म्हणून..."

कापूस! आयुष्यभर मी लोकांच्या नळीतून कापूस काढला आणि माझ्या घरच्या माणसानं तोच घातला. शिव्या द्यायला वेळ नव्हता. गाडी बंद कर म्हणावं तर देवी मध्येच अडकली म्हणून बोंब, आणि म्हातारी लक्ष्मी तापल्यावर एकदा बंद झाली की धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. मी पदर खोचला आणि चढले. पायरीवर एक पाय, आरशाच्या दांडीला हात, तिथून टपावर. सगळ्या गावासमोर. खालून कोणीतरी म्हणालं, "अवं, द्वारकाआक्का चढनी ना वर!" वाजंत्रीवाल्याला वाटलं अंगात आलं माझ्या, त्यानं जोरात ढोल धरला.

मी नळीच्या तोंडात दोन बोटं घातली. गरम. कापूस तेलानं भिजून बुचासारखा बसलेला. ओढला. नाही आला. दातांत घट्ट धरला आणि ओढला. आला.

फुस्स!

सगळं कोंडलेलं माझ्या तोंडावर. डोळे, कपाळ, नाक, हिरवं लुगडं, सगळ्यावर काळे ठिपके. पण शिट्टी बंद झाली. इंजिन पुन्हा आपलं घोरायला लागलं, खालच्या आवाजात, शहाण्यासारखं.

मी खाली उतरले. ढोल थांबला. सगळे माझ्याकडे बघतायत. भिकनआबांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"द्वारके, थेंब पडना का?"

"पडला, आबा."

सरूनं तोंडावर हात ठेवला.

"कुठे पडना?"

"माझ्यावर."

आबा आधी काठीवर रेलले, मग असे हसले की त्यांचा फेटा सुटायला आला. युवराजसुद्धा हसला, काय करतो बिचारा. "चाला रे," आबा म्हणाले, "देवी थांबाले नको." ट्रक चालली. वेशीपर्यंत गेली, तापीपर्यंत गेली, परत आली. रस्त्यावर डाग नव्हता. पुढचे श्रावणही सुकदेवभाऊच्याच गाडीचे राहिले, ती भंगारात गेली तोवर. चाकं फिरत होती तोवर, नवसात तेवढंच होतं. तो डबा मी काढून ठेवला आहे. पोरगं म्हणतं, टाकून दे आई. टाकते म्हणते.

आता नव्या गाड्यांना नाक बाहेर नसतंच. आपला धूर आपणच पुन्हा आत ओढतात. चांगलं आहे, रस्ता स्वच्छ राहतो, ड्रायव्हर खोकत नाही. पोरगं कॉम्प्युटर लावून बघतं काय दुखतंय ते. मी नुसती उभी राहते. सवयीनं तळवा पुढे जातो आणि काही लागत नाही.

तर त्या सोमवारी. तापीवरून घरी आलो. रोटाचं पीठ अजून शिल्लक होतं, ते रोज थोडं थोडं संपवायचं असतं. जावा परात घेऊन बसल्या. मी अंगणात तोंड धुतलं, हात धुतले. राख लावली, लिंबू लावलं. कपाळावरचे ठिपके निघाले, हाताचं तुम्हाला माहीत आहे. मग सवयीनं मोरीकडे निघाले. वाटेत लुगड्याकडे पाहिलं, म्हटलं, हे गेलं आता.

"द्वारके."

गोदाजिजी. डोक्यावर एवढा वेळ कानबाईचा चौरंग धरून तिचे हात भरून आले होते. तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि तसाच नाकाशी नेला, पहिल्या वर्षी नेला होता तसा. मी मनात म्हटलं, हे काय आता सगळ्या जावांसमोर.

"वास येस," ती म्हणाली.

"येस, जिजी."

तिनं परातीशेजारचा पाट पायानं माझ्याकडे सरकवला.

"येऊ दे. बस."